हापूसचं पान प्रयोगशाळेत पाठवण्याआधी

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्ते नोकरीनिमित्त ठाण्याला, गाव देवगड तालुक्यात. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, माती भरली आणि एका रोपवाटिकेतून हापूसची चाळीस कलमं आणून लावली. आता बहुतेक झाडं धरायला लागली आहेत, पण त्यातल्या अकरांची फळं 'हापूससारखी नाहीत'. रोपवाटिकावाला म्हणतो, कलमाला बांधलेल्या काड्या सगळ्या एकाच झाडाच्या, हा मातीचा गुण. यांचं म्हणणं, डीएनए तपासून घेतो आणि त्याच्यासमोर कागद आपटतो. जाता जाता आणखी दोन गोष्टी विचारल्यात: आमचा हापूस देवगडचाच, कर्नाटकातला नाही, हे डीएनएवरून सिद्ध होतं का? आणि घरामागे आजोबांच्या वेळचं जे मोठं झाड आहे, त्याच्या कोयी रुजवल्या तर तसाच आंबा मिळेल का?

मी पंचवीस वर्षं झाडांच्या डीएनएचं काम करतोय. आधी प्रयोगशाळेत, आता जास्त करून बागांमधून हिंडत. आंबा, काजू, कोकम, थोडाफार नारळ. हे असे प्रश्न दर मे महिन्यात येतात, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढू. लोकांना वाटतं, पान दिलं की यंत्रातून 'अस्सल हापूस' असा शिक्का बाहेर येतो. तसं काही नसतं. डीएनए तपासणी म्हणजे तुलना. हे पान त्या पानासारखं आहे का, एवढंच तिला विचारता येतं. 'ते' पान कुठलं, हे तुम्ही ठरवायचं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी संशयित झाडाचं पान व्यवस्थित आणलेलं असतं आणि तुलनेसाठी काहीच नसतं. मग अहवाल येतो आणि त्यात आकड्यांच्या दोन ओळी असतात, ज्यांचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही.

तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. झाड कुठल्या जातीचं, फळ कुठल्या जागेचं आणि झाडाचे आईबाप कोण. पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर डीएनए देऊ शकतो. दुसऱ्यापुढे तो मुका आहे. का, ते कळायला हापूस म्हणजे नेमकं काय हे आधी बघायला हवं.

भाताची जात म्हणजे एकसारख्या बियाण्याचं पीक. हापूसचं तसं नाही. कधीतरी, कुठेतरी या किनाऱ्यावर एका कोयीतून एक झाड उगवलं आणि त्याचं फळ कुणाला तरी आवडलं. पोर्तुगीजांच्या काळात कलमाची विद्या इथे रुजली, अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून आंब्याला नाव पडलं आणि आपल्या तोंडी त्याचं हापूस झालं. तेव्हापासून आजवर लागलेलं प्रत्येक हापूसचं झाड ही त्या एका झाडाची फांदी आहे, फक्त वेगळ्या मुळांवर उभी. तुमच्या बागेतला हापूस आणि रत्नागिरीतल्या माझ्या शेजाऱ्याचा हापूस हे भाऊभाऊ नाहीत. ते एकच झाड आहे. म्हणून 'जात ओळखणं' इथे सोपं होतं: दोन पानांचे डीएनएचे ठसे हुबेहूब जुळले पाहिजेत, जवळपास जुळून चालत नाही.

आता ते 'वेगळ्या मुळांवर' लक्षात ठेवा, तुमच्या अकरा झाडांचं गूढ बहुधा तिथेच दडलंय.

कोकणात आज बहुतेक कलमं कोय कलमाची असतात. पूर्वी भेट कलम होतं, कुंडीतलं रोप मोठ्या झाडाला नेऊन बांधायचे. ते वेळखाऊ होतं. कोय कलमात जून-जुलैत रायवळ, म्हणजे कोयीतून वाढलेल्या गावठी आंब्याची कोय रुजत घालतात. कोंब दहा-पंधरा दिवसांचा झाला, दांडा अजून लालसर-तांबूस आणि लवलवीत आहे, तोवर तो वरून कापायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सांधा होतो कोयीपासून चार-सहा बोटांवर. म्हणजे शेतात लावताना जरा खोल लावलं किंवा पहिल्या पावसात खड्ड्यातली माती सरकली, की सांधा मातीत जातो आणि कायमचा दिसेनासा होतो. या कलमात मुळं रायवळची आणि वरचं अंग हापूसचं असतं. दोन शरीरं, दोन वेगळे डीएनए. प्रत्येक खुंट, म्हणजे हे खालचं मुळांचं रोप, वेगळ्या कोयीचा, म्हणून चाळीस कलमांना चाळीस वेगवेगळे खुंट. खुंटाने झाडाचा जोम बदलतो, उंची बदलते, कातळात तग धरण्याची ताकद बदलते. वरच्या हापूसचा पायरी आंबा होत नाही.

पहिल्या एक-दोन वर्षांत काय होतं? उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, गुरांनी शेंडा खाल्ला, भिरुड ही खोड पोखरणारी कीड लागली, वणवा लागला, की वरची काडी मरते. खुंट मात्र चिवट. तो खालून फुटतो. गावात राखणीला ठेवलेल्या माणसाला हिरवी फूट दिसली की तो खूश, 'कलम जगला' म्हणून फोनवर सांगतो. मालक ठाण्याला. नऊ वर्षांनी त्याला रायवळ आंबे लागतात. यात रोपवाटिकावाल्याची चूक शून्य. हे मी इतक्या बागांत पाहिलंय, की आता वेगळी फळं म्हटल्यावर पहिला संशय मला यावरच येतो.

दुसरी शक्यता, काड्यांची सरमिसळ. पायरीची जुडी हापूसच्या जुडीत गेली, किंवा 'मातृवृक्ष' म्हणून ज्या झाडाच्या काड्या काढल्या तेच हापूस नव्हतं. तिसरी, झाड हापूसच आहे पण फळ बिघडतंय: लहान झाडाची पहिली एक-दोन वर्षांची फळं, पाण्याचा ताण, खतांचा असमतोल. चौथी, अगदी क्वचित होणारी, फांदीतच बदल झालेला असणं. तिच्याकडे नंतर येतो.

आता प्रयोगशाळेच्या आधीची परीक्षा, जिला पैसे लागत नाहीत. येत्या हंगामात त्या अकराही झाडांची चार-चार तयार फळं उतरवा. प्रत्येक झाडाची वेगळी अढी लावा, आकडा लिहून. पिकली की पडवीत ओळीने मांडा, शेजारी खात्रीच्या हापूसची चार. मग एकच गोष्ट बघा: ही अकरा झाडं एकमेकांसारखी आहेत का?

अकराच्या अकरा एकमेकांची जुळी दिसली, म्हणजे तीच चोच, तोच खांद्यावरचा लालसरपणा, तोच पातळ रस, तर कुणीतरी दुसऱ्या जातीची काडी बांधलीय. ही रोपवाटिकेची चूक, आणि बहुधा तुमच्या हातात पायरी आहे. उलट एकाचं फळ लांबट, दुसऱ्याचं गोटीसारखं, तिसऱ्याला दोऱ्यासारखे धागे, चौथ्याला टर्पेंटाइनचा वास, असा अकरा जणांचा अकरा तऱ्हांचा बाजार असेल, तर ते खुंट वाढलेत. कारण रायवळच्या दोन कोयी कधी सारख्या नसतात. जुळी की चुलत, एवढ्यावर निम्मा निकाल लागतो. 'हापूससारखी नाहीत' एवढंच तुम्ही लिहिलंत. ती आपसात कशी आहेत, हे लिहिलं असतंत तर कदाचित माझं उत्तर चार ओळींत संपलं असतं.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो, परागीकरणातून झालेला, म्हणजे आईचा अर्धा आणि बापाचा अर्धा. पण गोव्यापासून खाली केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर काही आंबे असे आहेत, की त्यांच्या एका कोयीतून तीन-चार कोंब येतात. त्यातला एखादा आईबापांचा असतो. बाकीचे बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून वाढलेले, बापाचा काही संबंध नसलेले. म्हणजे निसर्गाने स्वतःच केलेलं कलम. अशा बहुगर्भी कोयी खुंटासाठी वापरल्या असतील तर वाढलेले खुंटही एकमेकांसारखे दिसतील आणि माझी पडवीतली परीक्षा फसेल. म्हणून कोयसुद्धा फोडून बघा. वाळलेल्या कोयीची कड कोयत्याने अलगद उकलायची, वरचं कठीण कवच बाजूला काढायचं. आत पातळ तपकिरी सालीत गुंडाळलेल्या दोन जाड डाळिंब्या आणि एकच अंकुर दिसला तर एकगर्भी. आतला गर वेड्यावाकड्या पाच-सहा तुकड्यांत विभागलेला, जिगसॉ कोड्यासारखा बसवलेला दिसला तर बहुगर्भी. हापूसची कोय नेहमी पहिल्या प्रकारची. तेव्हा संशयित झाडाच्या कोयी बहुगर्भी निघाल्या तर ते झाड हापूस नाही, इतकं त्या कोयत्यानेच सांगितलं.

इतकं करून शंका उरली, किंवा रोपवाटिकावाल्याशी बोलायला पुरावा हवाच असेल, तर मग पान.

तपासणी मागताना एक शब्द जपून वापरा. 'डीएनए बारकोडिंग' मागू नका. वनस्पतींसाठी २००९ साली जगभरच्या संशोधकांनी हरितलवकातली दोन जनुकं बारकोड म्हणून ठरवली. ती फार हळू बदलतात. त्यांच्यावरून झाडाची प्रजाती कळते: हा आंबा, हा काजू, हा बिब्बा. हापूस आणि पायरी त्यांच्या दृष्टीने एकच. एका बागायतदाराने बारकोडिंगचा अहवाल मला हौसेने दाखवला होता. निष्कर्ष होता, 'नमुना आंब्याचा आहे'. आंबे लगडलेल्या झाडाखाली उभं राहून आम्ही तो वाचला.

तुम्हाला हवी ती चाचणी वेगळी. डीएनएमध्ये जागोजागी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, जीए-जीए-जीए अशी. कुठल्या झाडात ती चौदा वेळा, कुठल्यात एकोणीस वेळा. प्रयोगशाळेत या तुकड्यांच्या लाखो प्रती काढून त्यांची लांबी मोजतात. त्यांना सूक्ष्मउपग्रह म्हणतात, नाव भारदस्त आहे पण काम टेपने मोजण्याचंच. प्रत्येक जागी झाडाकडे दोन लांब्या असतात, एक आईकडून, एक बापाकडून. अशा दहा-बारा जागा तपासल्या की ठसा तयार. दोन झाडांचा ठसा सगळीकडे जुळला तर ती एकाच झाडाची कलमं, असं मी छातीठोक सांगतो. दोन-तीन जागी जुळला नाही तर ती वेगळी. एकाच जागी फरक पडला तर मात्र मी आधी पुन्हा मोजायला सांगतो. यंत्रही चुकतं आणि यंत्र चालवणारी मुलं संध्याकाळी सातला दमलेली असतात.

किती झाडं तपासायची? अकरा नकोत. पडवीतल्या परीक्षेनंतर संशयितांपैकी तीन, तुमच्याच बागेतली खात्रीची हापूस दोन आणि बाहेरचा संदर्भ एक. बाहेरचा संदर्भ म्हणजे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राच्या मातृवृक्षाचं पान, रीतसर विनंती करून मिळवलेलं. जमलं तर रोपवाटिकेच्या मातृवृक्षाचंही, आणि ते रोपवाटिकावाल्याच्या समक्ष तोडलेलं. हे शेवटचं पान फार कामाचं. त्याच्याशी तुमची संशयित झाडं जुळली आणि विद्यापीठाच्या पानाशी जुळली नाहीत, तर त्या माणसाचा मातृवृक्षच चुकलाय आणि बिचाऱ्याला ते माहीतही नसेल.

पान कुठून तोडायचं, यावर माझी स्वतःची फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बागेतल्या झाडाचा नमुना आम्ही तपासला आणि 'हापूस नाही' असं कळवून मोकळे झालो. मालक झाड तोडायला निघाला. सुदैवाने त्याच्या आईने अडवलं, म्हणाली, या झाडाचे आंबे मी तीस वर्षं खाल्लेत, तुमच्या यंत्राला काय कळतंय. मी जाऊन पाहिलं. बुंध्याशी सांध्याच्या खालून एक फूट आलेली, माणसाच्या कमरेएवढी, छान कोवळ्या पानांची. नमुना घ्यायला आलेल्या मुलाला शिडी आणायचा कंटाळा आला होता. त्याने हाताला लागेल ते पान घेतलं. आम्ही खुंट तपासला होता. चूक माझीच, मी कुठून तोडलंस हे विचारलं नाही. त्या माऊलीने वर मला चहा पाजला.

तेव्हा नियम असा: ज्या फांदीला ते फळ लागलं, त्याच फांदीचं पान. फळासकट फांदीचा फोटो, झाडाचा आकडा, तारीख. पान अगदी तांबडी पालवीही नको आणि जून काळपट हिरवंही नको. नुकतं पोपटी झालेलं, बोटांत दुमडलं तर न मोडणारं. फडक्याने पुसायचं. ओलं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुरिअर करू नका, दोन दिवसांत ते कुजकट काळं होतं. कागदी पाकिटात घालून, ते पाकीट सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात ज्या पुड्या येतात तेच दाणे, फक्त भरपूर हवेत. पान एका दिवसात पापडासारखं कुरकुरीत झालं पाहिजे.

एवढं सोवळं का, तर आंब्याच्या पानात चीक, टॅनिन आणि चिकट शर्करा ठासून भरलेल्या असतात. पान वाटून गरम द्रावणात घातलं की चांगल्या नमुन्यात शेवटी थंड अल्कोहोलमध्ये पांढरी तार तरंगते, शेवयीच्या धाग्यासारखी. तोच डीएनए. नमुना खराब असला की तिथे तपकिरी जेलीचा गोळा बसतो आणि पुढची सगळी मोजमापं बिघडतात. चीक हा या कुळाचा जुना गुण आहे. काजूच्या सालीचं तेल आणि बिब्ब्याचं उतू येणं, सगळी एकाच घरातली मंडळी. २०२० साली हापूसच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केला, सुमारे ३९ कोटी अक्षरांचा, २० गुणसूत्रांवर मांडलेला. आंब्याच्या पूर्वजात केव्हातरी अख्ख्या जनुकसंचाची दुप्पट झाली होती, असं त्यातून दिसतं, आणि चिकाशी नातं असावं असा अंदाज असलेली काही जनुकंही त्यात वाढलेली सापडली. आपल्या हापूसची पोथी आधी दुसऱ्यांनी वाचली याची मला थोडी चुटपुट आहे, पण वाचली ते बरं झालं.

आता ती क्वचित घडणारी चौथी गोष्ट. झाडाचा प्रत्येक शेंडा काही पेशींच्या थरांतून वाढतो. त्यातल्या एखाद्या पेशीत बदल झाला आणि ती पेशी वाढत्या शेंड्यात टिकली, तर त्यापुढची सगळी फांदी बदललेली निघते. बाकीचं झाड होतं तसंच. सांगलीकडच्यांना हे सांगायला नको. तासगावचं तास-ए-गणेश द्राक्ष हे थॉमसन सीडलेसच्या वेलीवर अशाच बदलातून सापडलेलं. तुमच्या बागेत असं असेल तर ओळख अशी, की एकाच झाडाच्या एकाच फांदीची फळं वेगळी असतील, आणि ठसा मात्र हापूसशी तंतोतंत जुळेल. कारण आपण दहा-बारा जागा मोजतो, बदल कोट्यवधींपैकी एका अक्षरात असतो. अकरा झाडं एकदम अशी बदलणं मला पटत नाही. पण जुळलेला ठसा आणि वेगळं फळ असं एखाद्या फांदीवर दिसलं, तर ती फांदी तोडू नका, मला कळवा.

काडी कुठल्या भागातून घेतली याने झाडाची ठेवणही बदलते, डीएनए तोच असून. आंब्यात हे फारसं जाणवत नाही, कोकमात डोळ्यांत भरतं. कोकमाच्या आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम आडवंच पसरतं, झुडूप होऊन बसतं. उभ्या शेंड्याची काडी बांधली तर झाड सरळ चढतं. काडीला आपली जागा आठवते म्हणा ना. त्यामुळे 'कलम वेगळं वाढतंय म्हणजे जात वेगळी' असा निष्कर्ष घाईने काढू नये.

देवगड की कर्नाटक, हा प्रश्न आता तुम्हीच सोडवू शकाल. झाड एकच असेल तर ठसा एकच. धारवाडकडे नेलेली हापूसची काडी हापूसच राहते. हिवाळ्यात वाशीच्या बाजारात मलावीचा हापूस येतो, आफ्रिकेतला, त्याचाही ठसा तुमच्या झाडासारखाच निघायला हवा. फळात फरक असतो तो माती, समुद्राची हवा, पाऊस आणि उतरवण्याची वेळ यांमुळे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरीच वर्षं काम झालंय, आणि जागेची खूण शोधायची तर ती असल्या रसायनांत, किंवा फळाने मातीतून-पाण्यातून उचललेल्या मूलद्रव्यांत. २०१८ च्या ऑक्टोबरात हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकनही जागेचंच आहे: सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर. त्याचा वापरकर्ता म्हणून नोंदणी करायला सातबारा आणि बागेची कागदपत्रं उपयोगी, डीएनएचा अहवाल नाही. त्यासाठी तपासणीवर पैसा घालवू नका.

आजोबांचं झाड. कोय लावून तसाच आंबा मिळणार नाही, हे वर ओघाने आलंच. हापूसची कोय म्हणजे हापूसचं मूल, आणि मोहोरावर माश्यांनी कुठल्या झाडाचे पराग आणले हे कुणी पाहिलेलं नसतं. मूल चांगलंही निघू शकतं. दापोली विद्यापीठाचा रत्ना हे नीलम आणि हापूस यांचंच अपत्य, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून बारीक कोयीचा सिंधू आला. पण अशा एका चांगल्या मुलामागे कितीतरी सामान्य मुलं टाकून द्यावी लागतात, आणि प्रत्येकाची चव कळायला आठ-दहा वर्षं थांबावं लागतं. कोयीचं रोप आधी बालपण काढतं; कलमाची काडी वयात आलेल्या झाडाची असते, म्हणून ती तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मोहोरते.

मला खरी उत्सुकता वेगळीच आहे: ते झाड मुळात कलम आहे का? तुम्ही 'हापूसच, पण जरा मोठा आणि उशिरा येणारा' असं लिहिलंय. त्या काळी भेट कलमं असत, त्यांचा सांधा गुडघ्याच्या आसपास असतो आणि साठ-सत्तर वर्षांनीही तिथे फुगवटा किंवा सालीच्या पोतात फरक दिसतो. बुंधा खालपासून एकसारखा असेल तर ते कोयीचं झाड. म्हणजे जगात एकमेव. इथे डीएनए खरोखर उपयोगी पडतो. समजा एका जागी हापूसच्या लांब्या १५० आणि १६२ आहेत आणि तुमच्या झाडाच्या १६२ आणि १७०. एक जुळली. अशी प्रत्येक जागी किमान एक जुळत गेली, तर ते हापूसचं मूल असू शकतं. दोन-तीन जागी एकही जुळली नाही, तर नातं नाही. आणि ते खरंच वेगळं, चांगलं झाड निघालं, तर २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याचं वाण म्हणून त्याची नोंद करता येते. म्हणून तपासणीचं बजेट एकाच नमुन्याचं असेल, तर मी ते अकरा झाडांवर खर्च न करता या एका झाडावर करीन.

रोपवाटिकावाल्याबद्दल. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे आणि परवानाधारकाने खुंट कुठला, काडी कुठली याची नोंद ठेवायची असते. आधी पावती शोधा, मग ती नोंद शांतपणे मागा. खुंट वाढलेले निघाले तर त्याला फोन करून तसं सांगायचा मोठेपणाही दाखवा. आणि काहीही निघालं तरी झाडं मुळापासून तोडू नका. नऊ वर्षांची मुळं कातळात बसलेली आहेत, ती पैशाने मिळत नाहीत. फांद्या टप्प्याटप्प्याने छाटून, येणाऱ्या कोवळ्या फुटव्यांवर खात्रीच्या हापूसच्या काड्यांचं मृदुकाष्ठ कलम करता येतं. गावात कलमं बांधणारा जुना माणूस असेल तर तो एका दिवसात दोन झाडं उरकतो. त्याला अकरापैकी एखाद्या झाडाचा आंबा आवडला तर ते झाड तसंच ठेवा, लोणच्याला होईल.

आजोबांच्या झाडाच्या काड्या मात्र या पावसाळ्यातच चार-पाच खुंटांवर बांधून घ्या. बुंधा पोकळ आहे असं तुम्हीच लिहिलंय.